ग्लुकागॉनची केशरी डबी फ्रिजमध्ये आहे, पण वेळ आली तर टोचणार कोण?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ९ वर्षांचा, वजन २४ किलो, तीन वर्षांपासून टाइप वन डायबेटिस, म्हणजे रोज इन्सुलिन टोचावं लागतं तो. गेल्या महिन्यात दिवसभर क्रिकेट खेळला, रात्री नेहमीसारखा जेवला, नेहमीचंच इन्सुलिन घेतलं आणि पहाटे तीनला फिट आली, मीटरवर शुगर फक्त ३१. घरच्यांनी कांदा हुंगवला, साखरेचं पाणी पाजायला गेले, ते बाहेरच आलं, मग गाडी काढून तालुक्याला पळवलं आणि तिथे शिरेतून ग्लुकोज गेल्यावर पोरगं शुद्धीवर आलं. डॉक्टरांनी शुगर पडून बेशुद्ध झाल्यावर टोचायचं ग्लुकागॉनचं किट लिहून दिलं, ते चार दिवस फिरून मिळालं, आणि आता तुम्हाला शुगरपेक्षा त्या डबीचीच जास्त भीती वाटतेय. किती द्यायचं, चुकलं तर काय, सासऱ्यांनाही शुगर आहे त्यांना चालेल का, आणि जत्रेला जाताना डबी सोबत न्यायची का.

मी डॉक्टर नाही, डायबेटिस एज्युकेटर आहे, २२ वर्षं हेच करतेय. त्यामुळे डोसचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण सुई धरायची कशी, हात थरथरताना काय चुकतं, रात्री तीनला घरात काय गोंधळ होतो, हे मी त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलंय असं म्हणायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. ग्लुकागॉन म्हणजे साखर नाही. खूप जणांना वाटतं की हे ग्लुकोजचं इंजेक्शन आहे, तसं अजिबात नाही. आपलं लिव्हर म्हणजे घरातली कणगी समजा, जेवणातली उरलेली साखर तिथे ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते, मोठ्या माणसात पोटभर जेवल्यावर साधारण १०० ग्रॅम. ग्लुकागॉन नावाचं हार्मोन त्या कणगीचं तोंड उघडतं, बस्स. साखर बाहेर येते ती तुमच्याच पोराची, काल-परवा खाल्लेल्या भाकरीची. कणगी भरलेली असेल तर इंजेक्शन मस्त चालतं, रिकामी असेल तर कितीही टोचा, काही येणार नाही. आणि काढलेलं धान्य परत भरावं लागतं, नाहीतर दोन तासांनी पुन्हा तीच बोंब.

आता तुम्ही म्हणाल की हे हार्मोन अंगातच बनतं ना, मग बाहेरून कशाला. बरोबर आहे, स्वादुपिंडातच बनतं, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या शेजारी अल्फा पेशी असतात त्या बनवतात. १९२३ मध्ये अमेरिकेत किम्बॉल आणि मर्लिन यांनी स्वादुपिंडाच्या अर्कात साखर वाढवणारं काहीतरी आहे हे दाखवलं आणि त्याला हे नाव दिलं, म्हणजे इन्सुलिनच्या मागोमागचाच हा शोध. टाइप वनमध्ये या अल्फा पेशी मरत नाहीत, जागेवर असतात, पण शुगर पडली की घंटा वाजवायचं विसरून जातात, आणि हे आजार झाल्यापासून पहिल्या काही वर्षांतच होतं. म्हणून तुम्ही-आम्ही दिवसभर उपाशी राहिलो तरी फिट येत नाही आणि या पोरांना येते. घरातला वॉचमन झोपलाय म्हणून बाहेरचा बोलवायचा, असं आहे ते.

कधी टोचायचं यात लोक दोन्हीकडून चुकतात. पोरगं घामाघूम झालंय, चिडचिड करतंय, हात कापतायत, मीटरवर ५५, पण बोलतंय आणि गिळतंय, तर इंजेक्शन नाही. त्याला तोंडाने साखर द्या, या वजनाला दोन सपाट चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नाही तर पुन्हा द्या. चॉकलेट आणि पेढे यावेळी नकोत, त्यातलं तूप साखरेला पोटात अडवून ठेवतं. पण फिट आली, हाक मारून डोळे उघडत नाही, गिळू शकत नाही, किंवा इतकं अंगावर येतंय की तोंडाजवळ कप नेता येत नाही, तर मग विचार करत बसायचं नाही, डबी उघडायची. मीटर हाताशी असेल तर बघा, पण पट्टी सापडत नाही म्हणून थांबू नका.

त्याआधीची दोन मिनिटं मात्र फार महत्त्वाची आहेत. कांदा, चप्पल, दातांत चमचा, हे सगळं आपल्याकडे फिट म्हटली की हमखास होतं. कांद्याने नुसता वेळ जातो, चमच्याने दात तुटतात किंवा जीभ फाटते, आणि तोंडात पाणी ओतणं हे सगळ्यात वाईट, कारण बेशुद्ध माणसाचं गिळणं बंद असतं आणि ते पाणी सरळ फुप्फुसात जातं. माझ्याकडे येणारी एक मुलगी मंगल कार्यालयात हळदीच्या दिवशी कोसळली, १४ वर्षांची, नाचली खूप आणि जेवण लांबलं. कुणीतरी तांब्याभर साखरेचं पाणी आणलं, मामाने तोंड उघडून ओतलं. मामाची चूक काय, त्याने प्रेमापोटीच केलं, पण शुगर दवाखान्यात दहा मिनिटांत वर आली आणि न्युमोनिया तीन आठवडे पुरला. तेव्हापासून मी शिकवताना पहिलं हेच सांगते, इंजेक्शन नंतर, आधी कुशीवर वळवा. एका कुशीवर, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, तोंड थोडं खाली. फेस, उलटी जे काय येईल ते बाहेर पडेल. एकाने १०८ ला फोन लावायचा आणि नुसतं "फिट आलीय" न म्हणता "डायबेटिस आहे, शुगर लो होऊन बेशुद्ध आहे" असं सांगायचं.

आता डबी. आत एक छोटी बाटली, तळाला पांढरी पावडर चिकटलेली, आणि एक सिरिंज, तिच्यात पाणी आधीच भरलेलं. लोक विचारतात की हे तयार का नाही विकत. तर हे हार्मोन २९ अमिनो ॲसिडची साखळी आहे आणि पाण्यात फार वेळ ठेवलं की त्या साखळ्या एकमेकींना चिकटून तंतू बनतात, औषध बाद होतं. म्हणून कोरडं ठेवायचं आणि ऐनवेळी कालवायचं, आणि कालवलं की लगेच टोचायचं, उरलेलं ठेवून द्यायचं नाही.

कालवताना काय करायचं ते सांगते, वाचून झाल्यावर एकदा डबी हातात धरून, न उघडता, तोंडाने म्हणून बघा. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवा, खाली रबर दिसेल. सिरिंजच्या सुईचं टोपण काढा. सुई रबरातून आत, सगळं पाणी बाटलीत. सुई बाहेर न काढता बाटली हलके गोल फिरवा, पावडर विरघळून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. घुसळू नका, फेस होतो आणि मग सिरिंजमध्ये औषधाऐवजी बुडबुडे येतात. मग बाटली उलटी करा आणि औषध परत ओढून घ्या, सुईचं टोक पाण्यातच राहू द्या. मोठा बुडबुडा आला तर वर ढकलून काढा, बारीकसा राहिला तर राहू द्या, हे शिरेत जात नाहीये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध, सरळ आत, दाबा, काढा. पँट काढायला वेळ नसेल तर कपड्यावरून टोचलं तरी चालतं. सुई तुमच्या इन्सुलिन पेनच्या सुईपेक्षा बरीच लांब आणि जाड आहे, ती बघून हात मागे येतो, मोठमोठ्या माणसांचा आलेला पाहिलाय, पण ती स्नायूत जायलाच तशी बनवलीय.

माझ्याकडे सराव मोसंबीवर होतो. सालीची जाडी बरोबर असते आणि दाबल्यावर टचकन आत जाते तो अंदाज हाताला येतो. एक वडील होते, ट्रॅक्टरचं अख्खं इंजिन उघडून परत बसवणारे, त्यांना म्हटलं आता समजा मुलगा समोर फिट काढतोय, मी मागून ओरडते, तुम्ही करा. त्यांनी टोपण काढलं आणि सिरिंजमधलं पाणी सरळ मोसंबीत टोचून मोकळे. पावडर बाटलीत तशीच. स्वतःच बघत राहिले दोन मिनिटं. ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि चूक झाली हे कळतसुद्धा नाही कारण इंजेक्शन तर दिलेलं असतं. म्हणून मी डबीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून देते, "आधी पावडरमध्ये पाणी". इंग्रजी पत्रक रात्री तीनला कुणी वाचत नाही हो.

डोसचं. साधारण नियम असा की २५ किलोच्या वर पूर्ण १ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण १ एमएल, आणि त्याखाली अर्धं, म्हणजे अर्धा एमएल. काही किटच्या पत्रकात ही रेषा २० किलोवर आखलेली असते, म्हणून आपल्या डबीतलं पत्रक आणि आपले डॉक्टर. तुमचं पोरगं २४ म्हणजे अगदी उंबरठ्यावर उभं आहे, आणि या वयात काही महिन्यांत पार करेल. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा की अर्धं की पूर्ण, आणि उत्तर डबीवर लिहून टाका. पण एक ऐकून ठेवा म्हणजे रात्री झोप लागेल. अर्ध्याऐवजी घाबरून पूर्ण गेलं तर काय होईल, उलट्या जास्त होतील आणि शुगर थोडी जास्त चढेल. जीवाला धोका नाही. शुगर मुळात लो नव्हतीच आणि उगाच टोचलं, तरी तेच, शुगर चढेल, ती उतरवता येते. इन्सुलिनची चूक महागात पडते, ग्लुकागॉनची चूक बहुतेक वेळा नुसती बादली मागते. अगदी मोजक्या लोकांना ते देऊ नये असं आहे, ॲड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असलेले वगैरे, ते तुमच्या घरात नाहीये.

इन्सुलिनवरून आठवलं, हे वाचताना अंगावर काटा येईल पण सांगायलाच पाहिजे. एका घरात आई माहेरी गेलेली, मुलगी संध्याकाळी बेशुद्ध, आजोबांनी फ्रिज उघडला आणि "शुगरचं इंजेक्शन" म्हणून जे समोर दिसलं ते दिलं. इन्सुलिन. नशीब की शेजारी नर्स राहायची, तिने पेन हातात बघितलं आणि तशीच मुलीला उचलून दवाखान्यात नेलं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, परदेशातसुद्धा पुतळ्यावर करून घेतलेल्या चाचणीत काहींनी घाबरून इन्सुलिनच टोचलेलं आहे. म्हणून डबी इन्सुलिनच्या कप्प्यात ठेवू नका. इन्सुलिन दारात असेल तर डबी दुसऱ्या टोकाला, वेगळ्या डब्यात, आणि घरातल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ: बेशुद्ध असताना इन्सुलिन कधीच नाही.

टोचल्यावर काय. १० ते १५ मिनिटांत हालचाल दिसायला लागते. ती पंधरा मिनिटं तासाभरासारखी वाटतात, घड्याळ बघा, अंदाजावर जाऊ नका. तेवढ्यात शुद्ध आली नाही तर दुसरं किट असेल तर ते द्या, नसेल तर १०८ आली नसली तरी मिळेल त्या गाडीने निघा, कुशीवरच ठेवून. शुद्धीवर येताना पोरगं रडेल, शिव्या देईल, ओळखणार नाही, डोकं दुखतंय म्हणेल आणि उलटी करेल. उलटी औषधामुळेच होते, ती झाली म्हणून घाबरू नका, पण म्हणूनच ते कुशीवर वळवणं.

नीट गिळायला लागलं की लगेच आधी गोड, साखरपाणी किंवा ज्यूस, आणि मग टिकणारं काहीतरी, भाकरी-दूध, पोळी-भाजी, दहीभात, जे जाईल ते. इथेच लोक ढिले पडतात. मीटरवर १८० आलं की सगळे "झालं बाबा" म्हणून झोपायला जातात. औषधाचा जोर तास-दीड तासाचा असतो आणि अंगात रात्रीचं इन्सुलिन अजून फिरत असतं. कणगी तुम्ही नुकतीच उपसलीय, आता खाली गेली तर उपसायला काही नाही. त्या रात्री सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या तासाने आणि मग दर दोन-तीन तासांनी तपासा, आणि उलट्या थांबत नसतील, पोटात काहीच राहत नसेल तर घरी बसूच नका. आणि याच्या उलट, सकाळी २८० दिसलं म्हणून घाईने जादा इन्सुलिन मारू नका. तो चढ औषधाचा आणि खाण्याचा आहे. पुढचा डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आणि एकदा एवढी लो झाली की पुढचा एक-दोन दिवस शरीर लक्षणं नीट दाखवत नाही, त्यामुळे पुन्हा पडायची शक्यता जास्त असते. त्या दोन दिवसांत मॅच नाही, पोहणं नाही, कितीही भोकाड पसरलं तरी.

क्रिकेटचं पण त्यातच आलं. खेळून आल्यावर लगेच शुगर ठीक दिसते, मग स्नायू रात्रभर आपली रिकामी झालेली साखर रक्तातून ओढून घेत राहतात आणि पहाटे खड्डा पडतो. खेळाच्या दिवशी रात्रीचं इन्सुलिन किती कमी आणि झोपताना काय खायचं, हा हिशोब डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुमच्या प्रश्नात "नेहमीचंच इन्सुलिन घेतलं" हे वाचलं तिथेच मला पहाटेचे तीन दिसले.

कणगी रिकामी कधी असते हे कळलं की इंजेक्शनवर विश्वास कधी ठेवायचा नाही हेही कळतं. दोन-तीन दिवस उलट्या-जुलाब, पोटात काही नाही. निर्जळी उपास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याचे गोड काप खाणाऱ्याची कणगी रिकामी नसते, त्याची काळजी नको, पण खरोखर काही न खाणाऱ्याची असते. मोठ्या माणसात दारू, कारण दारू लिव्हरला नवीन साखर बनवू देत नाही, आणि वर न जेवता झोपलेला माणूस असेल तर ग्लुकागॉन टोचून वाट बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तुमचं पोरगं लहान आहे म्हणून हे आत्ता फालतू वाटेल, पण कॉलेजच्या पोरांना मी हे दार बंद करून सांगते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज हाच उपाय, इंजेक्शन दिलं असलं तरी गाडी काढायचीच.

उलट्या-जुलाबाचा एक वेगळा प्रकार असतो. पोरगं शुद्धीत आहे, बोलतंय, शुगर ६५ आणि खाली चाललीय, पण घोटभरही पोटात राहत नाही. यासाठी छोट्या डोसची एक पद्धत आहे, तेच औषध कालवून इन्सुलिनच्या सिरिंजने अगदी थोडं, वयाइतके युनिट, त्वचेखाली. ९ वर्षांचा म्हणजे ९ युनिट, जास्तीत जास्त १५. ही पद्धत अमेरिकेतून आलीय आणि तिथे सिरिंज १०० युनिटची असते. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत लाल टोपणाची ४० युनिटवाली सिरिंज आहे, तिच्यातल्या ९ खुणा म्हणजे अडीचपट औषध. मला एकीने फोन करून सांगितलं की मॅडम तुम्ही म्हणालात तेवढंच दिलं तरी पोराला उलट्या थांबेनात, तेव्हा टोपणाचा रंग विचारला आणि उलगडलं. म्हणून हा प्रकार स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टर फोनवर असतील तर आणि केशरी टोपणाच्या सिरिंजनेच. मोठी फिट आली तर हे विसरून जा, तेव्हा मांडीत, ठरलेला डोस.

सासऱ्यांचं. तुम्ही लिहिलंय ते ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतात. त्यांची शुगर पडली आणि बेशुद्ध झाले तर तुमची डबी त्यांच्यावर वापरली म्हणून आभाळ कोसळणार नाही, मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम, पण त्यावर विसंबून घरी ठेवू नका. ही गोळी त्यांच्या स्वादुपिंडाला सतत इन्सुलिन सोडायला लावते आणि ग्लुकागॉनसुद्धा त्याच स्वादुपिंडाला आणखी थोडं इन्सुलिन सोडायला लावतं, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. शिवाय गोळीचा असर दिवसभर राहतो, किडनी कमजोर असेल तर त्याहून जास्त. अशी माणसं सलाईन लावून तासाभरात उठून बसतात, "मला घरी न्या, शेतावर जायचंय" म्हणतात, घरचे आणतात, आणि रात्री पुन्हा तेच. गोळीने लो झालेल्या म्हाताऱ्या माणसाला किमान एक रात्र दवाखान्यात, यावर मी घरच्यांशी भांडते.

नाकात मारायचा पावडरवाला प्रकार तुम्ही विचारला नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. अमेरिकेत २०१९ ला आला, ३ मिलिग्रॅम, तेव्हा चार वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना एकच डोस, कालवायचं नाही, सुई नाही, नाकपुडीत टोक घालून मागचं बटण दाबायचं, बेशुद्ध माणसाने श्वास ओढायचीही गरज नाही, सर्दी असली तरी चालतो. माझ्या मते हा खरा बदल आहे. २०१७ च्या एका चाचणीत पेशंटच्या घरच्या १६ जणांना पुतळ्यावर दोन्ही करून दाखवायला सांगितलं होतं, नाकातला प्रकार १५ जणांनी पूर्ण दिला, सुईचा पूर्ण डोस फक्त दोघांना जमला. परदेशातल्या नातेवाइकांकडून तो आणणारी घरं माझ्याकडे आहेत. त्यातल्या एका घरात काकांनी "चालतो का बघू" म्हणून बटण दाबलं आणि एवढं महागाचं औषध हवेत गेलं. एकच डोस असतो त्यात, दाबून बघायचा नसतो, आणि नळीसुद्धा वापरायच्या वेळीच उघडायची, नाहीतर ओल लागते.

किट मिळालंच नाही, किंवा बाहेर आहात आणि डबी घरी राहिली, तर? कुशीवर वळवायचं, खालच्या गालाच्या आत बोटाने थोडा मध किंवा घट्ट ग्लुकोजची पेस्ट चोळायची, ओतायची नाही, दात आवळलेले असतील तर बोटही घालायचं नाही. यातून फार साखर रक्तात जाते असा भरवसा मी देणार नाही, पण दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात काहीच नसण्यापेक्षा बरं. तुमच्या गावातले जे कोणी रात्री दार उघडणारे डॉक्टर असतील त्यांना आत्ताच भेटून ठेवा, २५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली त्यांच्याकडे आहे का विचारा, पोराचं वजन आणि आजार त्यांच्या डायरीत लिहून या. लहान मुलांना ते पातळ करून देतात, ते त्यांना माहीत असतं.

ठेवायचं कसं ते तुमच्या डबीवर छापलंय ते खरं. बऱ्याच किटना फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्री, किंवा २५ च्या खाली काही महिने बाहेर चालतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात २५ असतं कुठे. म्हणजे फ्रिजच. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलं की गेलं. जत्रेला न्यायचीच, नक्की न्यायची, उलट तिथेच जास्त लागेल, दिवसभर पाळणे आणि धावपळ आणि जेवणाचा पत्ता नाही. इन्सुलिनसाठी जी थंड पिशवी किंवा ओल्या फडक्यातला मातीचा डबा वापरता त्यातच, पण वेगळ्या पिशवीत गुंडाळून. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत अजिबात नाही. आणि ती पिशवी पोराच्या जवळ जो माणूस असेल त्याच्या खांद्याला, तुमच्या पर्समध्ये असून तुम्ही देवळाच्या रांगेत, याचा काही उपयोग नाही.

आता तुमच्या भीतीचं. तुम्ही लिहिलंय की तुमच्याशिवाय घरात कुणी हात लावायला तयार नाही. आणि आई ही नेमकी ती व्यक्ती असते जिचा हात सगळ्यात जास्त थरथरतो. म्हणून निदान अजून दोघांना शिकवा, एक घरातलं, एक शेजारचं किंवा शाळेतलं. शाळेत डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं पत्र द्या, बाईंना टोचायचा आग्रह करू नका, नाही म्हणाल्या तर कुशीवर वळवणं, तोंडात काही न ओतणं आणि फोन, एवढं तरी पक्कं करा. एक्सपायरीचा महिना कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा, दोन महिने आधीपासून नवीन शोधायला लागा कारण चार दिवस फिरायला लागतात हे तुम्हाला आता माहीतच आहे. नवीन डबी हातात आली की जुनी फेकू नका. घरी मोसंबी आणा, जुनी डबी उघडा, आणि पहिला नंबर ज्यांनी त्या रात्री कांदा आणला त्या सासूबाईंचा लावा.